किती जोरात मारतेस गं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तसं एकट्या तुम्हीच नाही, सगळेच विचारतात, ऑफिसातले, मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या काकू, व्हिडिओ कॉलवर मामा. मी सेंट्रल टेक्ससमध्ये राहते आणि गेली आठ वर्षं शनिवार-रविवारी मागच्या अंगणात बसून दगडाची भाल्याची टोकं घडवते, हिमयुगाच्या शेवटी इथली माणसं घडवायची तशी, म्हणजे गोटा, हरणाचं शिंग आणि चामड्याचा तुकडा एवढ्यावरच. टोक हातात दिलं की लोक ते उजेडासमोर धरतात, कड जपून चाचपतात, आणि मग प्रश्न ठरलेला, "किती जोरात मारावं लागतं गं?"

उत्तर आधी देऊन टाकते. नारळ फोडायला जेवढा जोर लागतो त्याच्या निम्माही नाही. सुरुवातीला अख्खा गोटा फोडताना थोडा जास्त लागतो, पुढे कमीच होत जातो. पण एवढंच सांगून माझं मन भरत नाही, कारण विचारणाऱ्याचं लक्ष मारण्याकडे असतं आणि काम जवळजवळ सगळं मारायच्या आधी झालेलं असतं.

आमच्याकडे एडवर्ड्स नावाच्या चुनखडीत चर्ट, म्हणजे चकमकीच्या जातीचा कठीण दगड, मिळतो, जॉर्जटाउनच्या बाजूचा निळसर करडा तर फार सुंदर. ओळखीच्या एका रँचवाल्यांची परवानगी घेऊन मी वेचून आणते. दगड आधी वाजवून बघायचा, माठ घेताना टिचकी मारतो तसाच. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत चीर आहे, तिथेच ठेवून यायचं. चांगल्या चर्टला थर नसतात, तो काचेसारखा फुटतो, घाव बसला त्या बिंदूपासून जोर शंकूसारखा आत पसरतो आणि वरून जो उंचवटा गेलेला असेल त्याच्या खालून भेग पुढे सरकते, पाणी जसं दंडाने जातं तशी. म्हणजे कपची कुठून कुठपर्यंत जाणार हे वरचे उंचवटे आणि घाव खाणारी कड मिळून ठरवतात.

पहिलं वर्षभर मी जोरच लावत होते. कड पातळ आणि धारदार झालेली असायची, मला वाटायचं धार आली म्हणजे दगड तयार झाला, मग शिंग मारलं की ती धार तिथेच चुरा व्हायची, जोर त्या चुऱ्यातच संपायचा आणि कपची बोटभर जाऊन मधेच तुटायची, मागे दगडावर एक पायरी उरायची. ती पायरी काढायला अजून जोरात मारायचं, की तिच्या डोक्यावर दुसरी पायरी. अशा पायऱ्या साचलेले दगड बादलीभर झाले होते, आणि कितीतरी तर मधोमध दोन तुकडे होऊन गेले. एकदा तर रडायलाच आलं, कारण तो दगड खरंच देखणा होता, आत पांढऱ्या ढगासारखे पट्टे होते.

दगड घडवणारे लोक इकडे अधूनमधून कुठल्यातरी मैदानात जमतात, नॅप-इन म्हणतात त्याला. तिथे सत्तरीच्या एका आजोबांनी माझ्या हातातला दगड मागून घेतला. मला वाटलं आता मारून दाखवतील. त्यांनी शिंगाला हातच लावला नाही. वाळूच्या दगडाचा एक खडबडीत तुकडा घेतला आणि कड घासत बसले, दहा मिनिटं, खर्र खर्र, एका दिशेने, मग अंगठा फिरवून बघायचा, परत घासायचं. मग दगड मला परत देऊन म्हणाले, आता मार, आणि नेहमी मारतेस त्याच्या अर्ध्याने मार. मी मारलं. कपची दगडाच्या अर्ध्याहून पुढे गेली, माझ्या आयुष्यातली पहिली.

तर ते घासणं म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण खरं उत्तर तिथे आहे. ज्या जागी मारायचं तिथली कड आधी दोन्ही बाजूंनी बारीक टवके काढून जराशी सुटी करायची, हरभऱ्याएवढी जागा पुढे आलेली ठेवायची. ती जागा दगडाच्या जाडीच्या मध्यरेषेच्या खाली असली पाहिजे, वर राहिली तर दगड मोडतो. मग ती घासायची. सुरुवातीला घासणारा दगड अडखळतो, कड करकरते, पांढरी पूड पडते. हळूहळू आवाज बदलतो, मऊ होतो, आणि अंगठ्याला ती जागा पाण्यातल्या खड्यासारखी गोल लागायला लागते. आता ती घाव सोसणार, चुरा होणार नाही. मग दगड डाव्या मांडीवरच्या चामड्यावर ठेवायचा, खालून बोटं टेकवायची, आणि एल्क या मोठ्या हरणाच्या शिंगाचा जाड बुंधा वरून खाली आणायचा, मनगट सैल ठेवून. आवाज फार मोठा होत नाही, टक्. चांगली कपची उडून जात नाही, चामड्यावर बोटांखालीच राहते. उलटी करून बघा, घावाच्या जागी एक फुगवटा असतो आणि तिथून पुढे बारीक लाटा गेलेल्या असतात, तळ्यात खडा टाकल्यासारख्या. इतक्या वर्षांनीही मी प्रत्येक कपची उलटी करून बघते.

म्हणजे बघा, धारदार वस्तू करायची तर प्रत्येक घावाआधी धार बोथट करत जावं लागतं. एका टोकासाठी शंभरेक वेळा तरी. आणि हे मी शोधलेलं नाही हो, तेरा हजार वर्षांपूर्वी इथे राहिलेल्या, क्लोव्हिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांच्या कपच्यांवर ही घासलेली जागा आजही दिसते.

सगळ्यात अवघड फॉल्सम टोक. त्याची गोष्ट मला फार जवळची वाटते. न्यू मेक्सिकोत फॉल्सम गावाजवळ १९०८ मध्ये मोठा पूर आला, त्यानंतर जॉर्ज मॅकजंकिन नावाच्या काऊबॉयला खोल कापल्या गेलेल्या ओढ्याच्या काठात हाडं दिसली. हा कृष्णवर्णीय माणूस गुलामगिरीत जन्मलेला. त्याने ओळखलं की ही हाडं नेहमीच्या बायसनची, म्हणजे अमेरिकेतल्या गव्यासारख्या जनावराची, नाहीत, फार मोठी आहेत. तो लोकांना सांगत राहिला आणि १९२२ मध्ये वारला. खोदकाम सुरू झालं १९२६ मध्ये, आणि १९२७ मध्ये बायसनच्या बरगड्यांमध्ये दगडाचं टोक जागच्या जागी सापडलं, तेव्हा तज्ज्ञांना मानावं लागलं की हिमयुगातला बायसन होता तेव्हा अमेरिकेत माणूस होता. मॅकजंकिनला हे बघायला मिळायला हवं होतं.

त्या टोकाच्या दोन्ही अंगांना तळापासून वरपर्यंत एकेक पन्हळ असते, एकाच कपचीत काढलेली. टोक जवळजवळ पूर्ण घडवून झाल्यावर, सगळे तास खर्ची पडल्यावर, शेवटी ती काढायची, आणि चुकली तर सगळंच गेलं. आयडाहोच्या डॉन क्रॅबट्री यांनी वर्षानुवर्षं यावर प्रयोग केले, १९६६ मध्ये सविस्तर लिहिलं. तळाच्या मधोमध एक बारीक बोंड ठेवायचं आणि ते घासून घासून गुळगुळीत करायचं, परत तेच काम. मी सत्तावीस वेळा प्रयत्न केलाय, चार निघाली.

मामांना हे सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, अगं मग आपल्याकडे काय कमी आहे. खरंय. त्यांचं गाव नेवाशाजवळ प्रवरेच्या काठावर, लहानपणी तिथे आम्ही चकाकते खडे वेचायचो. त्याच नेवाशाला १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी उत्खनन केलं, आणि ताम्रपाषाण काळातल्या माणसांची चाल्सेडनी या अकीकाच्या जातीच्या दगडाची लांब पाती तिथे मिळाली, इनामगावलाही मिळाली. ती काढायची रीत ऐका: आधी गाभ्यावर, म्हणजे ज्यातून पाती काढायची त्या दगडावर, आळीपाळीने दोन्हीकडून बारीक कपच्या काढून एक कणा उभा करायचा, मग त्या कण्याच्या वाटेने पहिलं पातं सरळ निघतं. म्हणजे इथेही मेहनत घावाच्या आधीच. गुजरातेतल्या खंबातचे अकीक घडवणारे तर दगड जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर टेकवून वरून शिंगाच्या हातोडीने हलकेच ठोकतात, कपची खालच्या लोखंडाजवळून निघते. ते बघितलं की जोराचा प्रश्न कुणी विचारणारच नाही.

करून बघायचं असेल तर काही गोष्टी मनापासून सांगते. डोळ्यांना गॉगल हवाच, आणि बसायचं उघड्यावर, कारण घासताना उडणारी पूड सिलिकाची असते, फुफ्फुसात गेली की कायमची राहते, मी मास्क लावते. इंग्लंडमध्ये ब्रँडनला बंदुकीची चकमक घडवणारे कारागीर याच धुळीने आजारी पडायचे. भारतात असाल तर हरणाच्या शिंगाच्या नादी लागू नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, कठीण लाकडाचा दांडका चालतो. आणि कुठल्याही जुन्या वस्तीच्या जागेवरून दगड उचलायचा नाही, तिथे बसून घडवायचंही नाही. मी खाली ताडपत्री अंथरते, सगळा चुरा गोळा करते आणि टाकताना त्यात चालू वर्षाचं एक नाणं टाकते, म्हणजे पुढे कधी कुणी उकरलंच तर त्यांची फसगत नको.

टोक पुरं झाल्यावरही एक घासणं उरतं. भाल्याच्या दांड्याला जिथे जनावराच्या कंडरेच्या दोऱ्याने बांधायचं, तिथली तळाकडची दोन्ही बाजूंची कड बोथट करायची, नाहीतर दोराच कापला जातो. क्लोव्हिस टोकांना हे हमखास असतं. संग्रहालयात काचेतून बघताना मी आधी तीच जागा शोधते.

सध्या मांडीवर करड्या चर्टचं एक लांबट पान आहे, वीतभर, एक अंग पातळ झालंय, दुसऱ्या अंगाला मधे एक उंचवटा राहिलाय. त्याच्यासमोरची कड काल संध्याकाळी तासभर घासली, अंगठ्याला अजून किंचित टोचत होती म्हणून आज परत घासली. आता लागत नाही. उजेड गेला, उद्या सकाळी मारेन.