नोंदवहीत लेझीम २०

शुक्रवार, १९ डिसेंबर

पट ५२, हजर २९. दुपारी ऑनलाइन माहिती भरली आणि तासाभरात केंद्रप्रमुख साहेबांचा फोन. "गुरुजी, उपस्थिती एवढी कमी का दिसतेय?" साहेब स्वतः याच डोंगरातले, बालाघाटावरचे. उत्तर त्यांना माझ्याआधी माहीत असतं. पण त्यांना विचारावं लागतं आणि मला सांगावं लागतं. दोघे तापाने घरी, बाकीचे २१ ऊसतोडीला.

दिवाळी झाली की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या गाड्या गावात लागतात. कोयता म्हणजे आमच्याकडे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते, ती घेतलेली असते उन्हाळ्यात, कुणाच्या तरी लग्नाला नाहीतर दवाखान्याला. मग सांगली, कोल्हापूर, कोणी थेट कर्नाटकात. घरी आजी धडधाकट असेल तर लेकरू गावात राहतं, नसेल तर ट्रॅक्टरमध्ये भांड्यांच्या पोत्याशेजारी त्याची जागा. माझ्यासोबतच्या शिक्षिका, आमच्या बाई, प्रत्येकाला शिक्षण हमी कार्ड भरून देतात, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत दाखल्यावाचून बसता यावं. कार्डाच्या मागे स्वतःचा फोन नंबर एवढ्या मोठ्या आकड्यांत लिहितात की पहिलीतल्या पोरालाही वाचता यावा.

चौथीला नद्या चालू आहेत. मांजरा आपल्याच डोंगरात उगम पावते, पुढे खाली केज तालुक्यात धनेगावला धरण, तिथलं पाणी लातूरला, असं सांगत होतो. मागून एकजण म्हणाला, "सर, म्हंजी नदीबी खालीच जाती व्हय?" होय म्हणालो आणि फळा पुसायला घेतला.

आजची मोठी बातमी मात्र टपालात आली. बाईंचा सेवानिवृत्तीचा आदेश. नियत वयोमानानुसार, ३१ जानेवारी. आमच्या तालुक्यात निम्म्या शिक्षकांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींना जी तारीख सोपी वाटली ती. त्यामुळे निम्मा तालुका ३१ मेला निवृत्त होतो, ऐन सुट्टीत, रिकाम्या शाळेत, हार घालायला दोन-तीन माणसं. बाईंचे वडील ग्रामसेवक होते. त्यांनी खरी तारीख लिहिली आणि त्यापायी मी आता भर सत्रात एकटा पडणार.

शाळा दोन शिक्षकी. ६० च्या आत पट, म्हणून दोनच. मुख्याध्यापकाचं पद नाही, बाई सेवाज्येष्ठ म्हणून चार्ज त्यांच्याकडे, गाव त्यांना हेडबाई म्हणतं. साहेब म्हणाले, "बघू, शेजारच्या शाळेतून तात्पुरतं कामगिरीवर कोणीतरी देतो." बघू.

शनिवार, ३ जानेवारी

सावित्रीबाईंची जयंती. दर वर्षी चार मुलींना नऊवारी नेसवायची, मोठं कुंकू लावायचं, "मी सावित्री बोलते" करायचं, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. यंदा बाई म्हणाल्या, साड्या नेसवायला आयाच गावात नाहीत, आज्यांना बोलवा.

अकरा आज्या आल्या. चपला दाराबाहेर काढून भिंतीला टेकून बसल्या, जणू कीर्तनालाच आल्यात. १८३१ सालचं नायगाव, १८४८ सालची पुण्यातली मुलींची शाळा, हे पाचवीच्या मुलीने पाठ केलेलं धडाधडा म्हणून टाकलं. आज्यांनी मान डोलावली. नंतर बाईंनी पाट्या वाटल्या आणि नातवंडांना सांगितलं, आजीचं नाव तिला लिहून दाखवा. तिथे घोळ झाला. तिघांना आजीचं नावच माहीत नव्हतं. "आजी" एवढंच. एका आजीने नातवाच्या पाठीत धपाटा घातला आणि मग हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं, त्याच्या कानात आपलं नाव सांगितलं.

मंगळवार, ६ जानेवारी

मधल्या सुट्टीत मी पुस्तक उघडून बसलो की पोरं भोवती जमतात. "सर, तुमचीबी परीक्षा हाय?" नोव्हेंबरात टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, देऊन आलो तेव्हापासून त्यांना याची गंमत वाटते. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. मी लागलो २०१० साली. पंधरा वर्षं शिकवून झाल्यावर मी शिकवायला पात्र आहे की नाही हे आता बालमानसशास्त्राच्या पर्यायी प्रश्नांवरून ठरणार. बाई हसतात. "मी सुटले बाबा." मग त्याच मला पियाजेचे टप्पे विचारतात आणि एक चुकला की पोरांसमोर "परत वाचा" म्हणतात.

शुक्रवार, ९ जानेवारी

केंद्रस्तरीय स्पर्धा. कबड्डीला सात लागतात, आमच्याकडे मोठे मुलगे सहा. सातवा म्हणून तिसरीतला एक घेतला, ज्याची चड्डी मी सुतळीने बांधून दिली. पहिल्याच चढाईत समोरच्यांनी त्याला उचलून रेषेबाहेर अलगद ठेवलं. हरलो. परतताना टेम्पोत तो सगळ्यांना सांगत होता की त्याला पकडायला चारजण लागले.

शुक्रवार, १६ जानेवारी

पत्रात "बालआनंद मेळावा", पोरांच्या भाषेत बाजार. सकाळी आठपासून पटांगणात पोती अंथरलेली. मेथी, शेपू, हरभऱ्याचे डहाळे, उकडलेल्या शेंगा, भेळ, एका ठिकाणी चहा. हुरडा दोघींनी आणला होता, सोबत लसणाची चटणी, तो नऊच्या आत संपला. पाचवीतल्या एकाने स्केचपेनने पुठ्ठ्यावर काळे-पांढरे चौकोन काढून वर "फोनपे" लिहून ठेवलं होतं. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी खरोखर मोबाइल काढून त्यावर धरला. पोरगं गंभीर चेहऱ्याने म्हणालं, "साहेब, रेंज नसंल."

गिऱ्हाईक कमी. कमावती माणसं गावात नाहीत, म्हणून तीन आज्या मिळून दहा रुपयांची भेळ घेत होत्या आणि तीही घासाघीस करून. तरी चिल्लर फिरत होती. मेथीवालीने आपले पैसे बोरांना घातले, बोरवाल्याने शेंगांना.

या बोरवाल्याबद्दल लिहायलाच हवं. तिसरीतला, तोच सुतळीवाला. पाच रुपयाला एक स्टीलचा पेला भरून बोरं. पेला मोठा, शीग लावून द्यायचा, त्यामुळे गर्दी त्याच्याकडे. बाईंनी एक पेला घेतला, पदरात ओतून घ्यायच्या ऐवजी पेलाच हातात घेऊन आत बोटं घातली. तळाशी वर्तमानपत्राचा बोळा.

"हे काय रे?"

"बाई, तळाची बोरं वली व्हत्यात, म्हून कागद घातला."

मला वाटलं आता कान पिरगाळणार. बाईंनी आणखी एक पेला मागितला, कागदासकट. पैसे दिले दहा. मग दुपारी तिसरी-चौथीला गोल बसवून दोन्ही ढीग मोजायला लावले. कागद घातलेल्या पेल्यात २४. मग बोळा काढून पेला पुन्हा भरला, ३१. एका पेल्याला सात बोरं वाचली, २० पेले विकले, तर किती बोरं वाचली, त्यांचे पैसे किती? पोराने सगळ्यांत आधी उत्तर दिलं. त्याने ते सकाळीच काढून ठेवलेलं असणार. वजाबाकी हातचे घेऊन येत नाही म्हणून मी डिसेंबरात त्याच्या वहीवर लाल शेरा मारला होता, तो आठवला.

बोरं नंतर सगळ्यांनी खाल्ली, त्यानेही. बाईंनी त्याला एवढंच सांगितलं, "उद्यापासून कागद नाही." तो म्हणाला, "उद्या बाजारच नाही."

गुरुवार, २२ जानेवारी

चार्जची यादी. जनरल रजिस्टर, दाखल्यांचं पुस्तक, आवक-जावक, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, पोषण आहाराचं साठा रजिस्टर. तांदूळ तोलला. माणशी १०० ग्रॅमचा हिशोब, नोंद आणि पोतं जुळलं, स्वयंपाकाच्या मावशींनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मग डेडस्टॉक, म्हणजे शाळेच्या कायमच्या वस्तू. खुर्च्या ५, पैकी बसण्याजोग्या ३. पृथ्वीचा गोल १, अक्षावरून निसटलेला. पेटी १, दोन सूर मुके. ढोलकी १. लेझीम २०.

मोजल्या. अठरा. पुन्हा मोजल्या, कोपऱ्यातल्या सतरंज्या उचलून बघितल्या. अठरा.

बाई पृथ्वीचा गोल फडक्याने पुसत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वीस असतील बघा."

"अठराच आहेत बाई."

"मग अठराच असतील."

बारा वर्षं सोबत काम केलंय, एवढं कळतं. मी यादी खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं. तिसरी-चौथीतल्या दोघी बहिणी, नोव्हेंबरात आई-बापाबरोबर गेल्या त्या. जायच्या दिवशी हमी कार्ड घ्यायला आल्या. मोठी आमच्या लेझीम पथकात पुढे असायची. जाताना तिने दोन लेझीम मागितल्या.

"आणि तुम्ही दिल्या?"

"दिल्या."

"तिथं पालावर काय करणार त्या लेझीमचं?"

"काय करणार? खेळतील."

खरं सांगायचं तर मला राग आला. दहा दिवसांनी सही माझी असणार. उद्या तपासणी झाली तर "खेळतील" हे उत्तर कुठल्या रकान्यात लिहायचं? बाईंनाही ते दिसलं असावं. पर्स उघडून म्हणाल्या, रविवारी तालुक्याला जाते, दोन नव्या आणून ठेवते, विषय संपला. मी नको म्हणालो. म्हणजे नको असं ठाम म्हणालो नाही, "बघू" म्हणालो, साहेबांसारखं.

निघताना त्यांनी आपली छोटी वही माझ्या हातात दिली. शाळेच्या एकाही रजिस्टरला नसलेली माहिती. कुणाच्या घरी फोन साडेआठनंतर करायचा, कारण फडातून येऊन भाकरी होईस्तोवर उचलत नाहीत. कोणाला डाळ चालत नाही पण सांगायची लाज वाटते. कोणाच्या बापाचं नाव हजेरीत आहे पण घरात घ्यायचं नाही. एका पानावर: "लेझीम २, दोघी बहिणी, एप्रिल."

सोमवार, २६ जानेवारी

झेंडा साडेआठच्या आत. लेझीमला १४ मुली उभ्या राहिल्या, एवढ्याच उरल्यात. चार लेझीम कपाटातच राहिल्या.

शनिवार, ३१ जानेवारी

सकाळची शाळा, दहाला निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, साडी, सरपंचांचं भाषण, त्यात "शिक्षक हा समाजाचा कणा" दोनदा. समितीच्या अध्यक्षांनी फेटा बांधून आणला, तो बाईंना मोठा होऊन डोळ्यांवर येत होता, त्या एका हाताने धरून बसल्या. जुने विद्यार्थी पाच-सहा आले, बाकीचे तोडीवर. एकाने फडातून व्हिडिओ कॉल केला, मोबाइल माइकसमोर धरला, पण आवाज फक्त वाऱ्याचा आला. बाई "ऐकू येतंय रे, ऐकू येतंय" म्हणत राहिल्या.

भाषणात त्यांनी काय सांगितलं? पोरांना सांगितलं, गुलाबजाम प्रत्येकी दोन आहेत, तिसरा मागायचा नाही. मावशींना सांगितलं, गॅसची नळी बदलायला झालीय. मला माइकवरून सांगितलं, "सर, स्वयंपाकघराचं दार थोडं वर उचलून लावायचं, नाहीतर बसतं." टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना.

किल्ल्यांचा जुडगा दिला. अकरा किल्ल्या, त्यातल्या चार कशाच्या आहेत हे त्यांनाही ठाऊक नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी

दार बसलं. मी विसरलो उचलायला. मावशींनी खांदा लावून उघडलं तोवर तांदूळ निवडायला अर्धा तास उशीर.

साडेअकराला साहेब आले, चार्जची यादी तपासायला. बोट ओळीओळीने खाली येत होतं. खुर्च्या, गोल, पेटी. लेझीमपाशी थांबलं. मी रविवारी रात्री बराच वेळ बसून लिहिलं होतं: "२०. पैकी १८ शाळेत, २ विद्यार्थिनींकडे वापरात."

"विद्यार्थिनी कुठंयत?"

"कारखान्यावर."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "परत कधी येतात?"

"एप्रिल."

त्यांनी पेन काढलं, माझ्या शेऱ्यापुढे कंसात "एप्रिल" लिहिलं, खाली सही केली आणि यादी मिटली. मग इकडेतिकडे बघून विचारलं, "कामगिरीवरच्या मॅडम आल्या का?"

नव्हत्या आल्या. पाचही वर्ग एकाच खोलीत बसवले होते, आणि बोरवाला पहिलीच्या पोरांना पाढे म्हणायला लावत होता.