पेशंट ‘नको’ म्हणाला आणि आमचे गोळे गेले

परवा लॅबमध्ये एका पेशंटच्या सगळ्या पेशी मारल्या. इनक्युबेटरमधल्या प्लेटा, द्रव नायट्रोजनमधल्या कुप्या, एकूण एक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं सगळं मारून टाकणाऱ्या यंत्रात. कारण एवढंच की पेशंटनं आपल्या पेशी संशोधनाला वापरायची संमती मागं घेतली. का, ते विचारायचं नाही. विचारणार तरी कुणाला? आमच्यापर्यंत नाव येतच नाही, नुसता कोड येतो.

गेलं काय ते सांगितल्याशिवाय माझा जळफळाट कळायचा नाही. केमोनं आधी आटोक्यात आलेली कॅन्सरची गाठ काही महिन्यांनी त्याच औषधाला का जुमानत नाही, हा आमचा विषय. सपाट प्लास्टिकवर एका थरात वाढवलेल्या पेशींवर औषध टाकलं की त्या भराभर मरतात. खऱ्या गाठीत तसं होत नाही. रक्तवाहिनीपासून ऑक्सिजन जेमतेम 0.2 मिलिमीटर आत पोचतो, त्यापलीकडच्या पेशी उपाशी, सुस्त, विभाजन थांबवून बसलेल्या. केमोची बरीचशी औषधं विभाजन होणाऱ्या पेशींनाच गाठतात, त्यामुळं हे सुस्त लोक वाचतात. म्हणून पेशी गोळ्यासारख्या तिन्ही दिशांनी वाढवायच्या. ऑर्गनॉइड म्हणतात ते हेच. याची मोठी सुरुवात मी राहतो त्याच नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्ये झाली. 2009 साली हान्स क्लेव्हर्स यांच्या लॅबमध्ये तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्याच्या एकेका स्टेम पेशीतून (जिच्यापासून बाकीच्या पेशी तयार होतात ती मूळ पेशी) इवलंसं आतडं वाढवलं.

गोळे वाढतात ते मॅट्रिजेलमध्ये. उंदराच्या गाठीपासून काढलेलं हे जेल बर्फावर पातळ राहतं आणि 37 अंशाला घट्ट होतं. गुळाच्या बरोबर उलट! पिपेटच्या टिपासुद्धा आधी फ्रीझरमध्ये ठेवायच्या, नाहीतर जेल टिपेतच बसतं. थेंब टाकले की प्लेट पालथी घालायची, म्हणजे पेशी तळाला चिकटत नाहीत.

या पेशंटच्या गाठीचे दोन तुकडे होते, एक केमोच्या आधीचा आणि एक गाठ परत आल्यावरचा. एकाच माणसाचा असा जोड मिळणं म्हणजे लॉटरी. दोन्हींवर तेच औषध टाकून नेमकं काय बदललं ते बघत होतो. बघायचं राहिलं.

माझ्या डच सहकारीण बाईंना काहीच वाटलं नाही. “पेशी त्याच्या आहेत,” म्हणाल्या आणि चीजचा थंडगार पाव खायला गेल्या. मी मागनं वाद घातला, की उद्याच्या हजार पेशंटांचं काय? त्यांनी फक्त हेन्रिएटा लॅक्स यांचं नाव घेतलं. 1951 साली बाल्टिमोरमध्ये त्या बाईंच्या गाठीतल्या पेशी न विचारता घेतल्या आणि त्या आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढतायत. यावर मी काय बोलणार!

बोललो मात्र मनातल्या मनात लई. आमच्या काकूंची बायोप्सी झाली तेव्हा फॉर्म इंग्रजीत होता आणि सही काकांनी केली. काकू बाजूलाच बसलेल्या, शुद्धीत, हायस्कूलच्या रिटायर्ड शिक्षिका. त्यांना कुणी विचारलं नाही, मीसुद्धा फोनवर रिपोर्टच विचारला. पण भावांनो, त्याच डॉक्टरांनी रात्री साडेदहाला स्वतःहून फोन करून रिपोर्ट समजावला, आणि केमो संपेपर्यंत कोल्हापुरात राजारामपुरीतल्या शेजाऱ्यांनी घरात चूल पेटू दिली नाही. इथं फॅमिली डॉक्टरचीसुद्धा आधी अपॉइंटमेंट लागते. फॉर्म देखणा असतो, मान्य. डबा कोण आणणार?

घरी मी कायम सांगतो की हे काम इथंच होतं, म्हणून इथं आहे. आता तेही पुरतं खरं राहिलेलं नाही. 2023 साली आपल्याकडं नव्या औषधांचे नियम बदलले आणि प्राण्यांऐवजी ऑर्गनॉइडवरच्या चाचण्यांनाही वाट मोकळी झाली. म्हणजे उद्या कोल्हापूरच्या एखाद्या पेशंटचा तुकडा पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये गोळे होऊन वाढणार. तेव्हा फॉर्म मराठीत असावा, ‘नको’ म्हणायची ओळ ठळक असावी, आणि सही काकूंची घ्यावी. एखादा जोड गेला तर जाऊ दे, मी चडफडत बसेन. काकांना पटवायचं काम मात्र मी घेणार नाही.