कुस्कोला दोन दिवस पुरतील ना?

हा प्रश्न मला वर्षातून दहा-पंधरा वेळा तरी येतो. कधी नाशिकच्या मावसबहिणीकडून, कधी तिच्या सोसायटीतल्या कुणाकडून, कधी न्यू जर्सीहून कुणाच्या तरी दिराकडून. "तू पेरूत असतेस ना? आम्ही माचू पिक्चूला येतोय. कुस्कोला दोन दिवस पुरतील ना?" यातला शेवटचा 'ना' महत्त्वाचा. विमानाची तिकिटं काढून झालेली असतात, मी फक्त हो म्हणायचं असतं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही पुरत. सहा रात्री काढा, आणि त्यातल्या पहिल्या दोन कुस्कोत काढू नका.

माचू पिक्चू म्हणजे स्पॅनिश लोक येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांचं डोंगरातलं जुनं शहर, आणि तिथे जायला लोक आधी विमानाने कुस्कोला उतरतात. कुस्को साधारण ३,४०० मीटर उंचीवर आहे. आपली कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली तरी हे गाव थोडं वरच उरतं. आणि राजधानी लिमा अगदी समुद्राकाठी. तिथून विमान सव्वा तासात तुम्हाला वर आणून सोडतं. शरीराला पत्ता लागायच्या आत हवेचा दाब दोन तृतीयांशावर आलेला असतो. विरळ हवेच्या या त्रासाला इथे 'सोरोचे' म्हणतात, आणि तो तब्येत बघून येत नाही. माझे मामा साठीतही नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेले. "मला काय होतंय गं!" म्हणत सामान टाकलं आणि थेट सान ब्लास या कुस्कोतल्या चढावरच्या जुन्या वस्तीच्या पायऱ्या चढायला निघाले. संध्याकाळी भरपूर जेवले. रात्री दोन वाजता पलंगाच्या कडेवर डोकं गच्च धरून बसलेले, शेजारी बादली. दुसरा दिवस अंथरुणात गेला. तिसऱ्या दिवशी माचू पिक्चू झालं खरं, पण त्यांना त्यातलं आठवतंय ते मुख्यतः बसमधली खिडकी.

उंची म्हणजे काय ते मला स्वयंपाकघरात रोज कळतं. इथे पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं. वर बुडबुडे खळाखळा, खाली पाहुण्यांनी आणलेली तूरडाळ तासाभरानेही दाताखाली कचकन लागेल अशी. कुकर नसेल तर वरण विसरा. चहाही उतरत नाही धड. पहिल्या दिवशी प्रत्येक जण "जरा पांचट झालाय" म्हणतो आणि मी दरवेळी हवेच्या दाबावर व्याख्यान देते. कुणाला पटत नाही.

म्हणून विमानतळावरून थेट खाली, उरुबांबा नदीच्या खोऱ्यात जा. ओयांतायतांबो गाव २,८०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे कुस्कोपेक्षा तब्बल सहाशे मीटर खाली. टॅक्सीने दोन तास लागतात. पैसे वाचवायचे असतील तर कुस्कोतल्या पाविटोस रस्त्यावरून व्हॅन सुटतात. वेळापत्रक नाही, भरली की निघाली, आपल्या काळ्या-पिवळ्या वडापसारखं. रस्ता आधी चिंचेरोपर्यंत चढतो आणि मग उतरायला लागतो, तेव्हा पहिला अर्धा तास डोकं जड झालं तर घाबरू नका. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा तोल जात असेल, तर मात्र कोकाच्या चहावर भागवू नका. डॉक्टर गाठा आणि खाली उतरा. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधीच तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठेवा.

ओयांतायतांबोच्या बोळांमधून इंकांच्या वेळच्या पन्हळी अजून वाहतात. रात्री बाकी सगळं गप्प झालं की तेवढा आवाज राहतो. समोरच्या पिंकुयुना डोंगरावर जुनी धान्याची कोठारं आहेत, तिथे चढायला तिकीट लागत नाही. मुख्य अवशेषांतली गर्दी पलीकडे मुंग्यांसारखी दिसते. माचू पिक्चूची गाडीही याच गावातून सुटते, पावणेदोन तासांचा प्रवास. माचू पिक्चू तर आणखी खाली, २,४३० मीटरवर. लोकांना वाटतं ते सगळ्यात उंच, उलट आहे. म्हणजे क्रम असा: खोरं, माचू पिक्चू, आणि मग वर कुस्को. तोवर रक्ताला सवय झालेली असते, सान ब्लासच्या पायऱ्या तुम्हीही चढाल. माचू पिक्चूच्या तिकिटावर तारीख, वेळ आणि आतला मार्ग ठरलेला असतो, नाव पासपोर्टवरचं लागतं. जून ते ऑगस्टमध्ये यायचं असेल तर आधी हे तिकीट, मग विमानाचं.

खोऱ्यात असताना मारासची मिठागरं बघा. आपल्याकडे मिठागर म्हणजे खाडी, वसई, उरण. इथे डोंगराच्या कुशीतून खारं पाणी झरतं आणि उतारावर तीन हजारांहून जास्त छोट्या वाफ्यांत वळवलेलं आहे. वाफे गावातल्या घराघरांच्या वाट्याचे. कोरड्या महिन्यांत मीठ काढताना माणसं दिसतात. पावसाळ्यात सगळं मातकट. त्याचं तिकीट वेगळं पडतं, दहा दिवस चालणाऱ्या 'बोलेतो तुरिस्तिको'त, म्हणजे बऱ्याच ठिकाणांच्या एकत्रित तिकिटात, ते येत नाही. माचू पिक्चूही नाही येत. हे न कळल्यामुळे दारात वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यातली काही माझीच.

आता दुसरा प्रश्न, जो पहिल्याच्या पाठोपाठ येतोच: शाकाहारी काय मिळेल? मिळतं, पण मागायचं कसं ते शिका. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको. तेवढंच म्हणालात तर हसतमुखाने कोंबडी येईल, कारण इथल्या बोलीत 'कार्ने' म्हणजे लाल मांस. कोंबडी ही कोंबडी. म्हणून एका दमात: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो. किनोआचं सूप मागवताना 'सिन काल्दो दे पोयो' हेही जोडा, नाहीतर रस्सा कोंबडीचाच. बिनघोर खाता येईल असं म्हणजे चोक्लो कोन केसो: बोराएवढ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि ताज्या चीजचा जाड काप. आणि उचुकुता. केचुआत, म्हणजे इथल्या जुन्या भाषेत, 'उचु' म्हणजे मिरची, 'कुताय' म्हणजे वाटणं. रोकोतो मिरची आणि वाकाताय नावाचा झेंडूच्या कुळातला उग्र पाला दगडावर वाटतात, कुठे शेंगदाणेही घालतात. दगड आपल्या पाट्यासारखाच, फक्त वरवंटा लोटायचा नसतो, डोलवायचा असतो. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी भाकरी शोधायला लागले होते. पाहुण्यांना तिखटाची खुमखुमी असली तर एक सूचना: रोकोतो दिसते ढोबळ्या मिरचीसारखी, वागते वेगळी.

कुस्कोत आल्यावर कोरिकांचा हे इंकांचं सूर्यमंदिर बघा, गावावरच्या टेकडीवरचं प्रचंड दगडांचं सक्सायवामान बघा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. १९५० च्या भूकंपात कोरिकांचावर बांधलेल्या सांतो दोमिंगो चर्चची मोठी पडझड झाली आणि खालच्या इंकांच्या भिंती जागच्या हलल्या नाहीत, एवढं लक्षात ठेवून आत जा. मी सांगेन ते दक्षिणेकडच्या रस्त्याचं, कारण तिकडे कुणी नेत नाही. उर्कोसची बस धरा. वाटेत तिपोन, तिथे इंकांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांतून पाणी अजून खेळतंय. गाव मात्र भट्टीत भाजलेल्या गिनीपिगसाठी प्रसिद्ध आहे, दुकानांच्या पाट्यांकडे बघून नाराज होऊ नका. पुढे ओरोपेसा, पाववाल्यांचं गाव. 'चुता' नावाचा थाळीएवढा गोडसर पाव घ्या. गरम असतानाच. आणि मग आंदावायलियास. बाहेरून साधं, पांढऱ्या भिंतींचं चर्च, आत छत इंच न् इंच रंगवलेलं. सतराव्या शतकातलं आहे. छत सगळेच बघतात. तुम्ही बाप्तिस्म्याच्या खोलीच्या दाराची चौकट बघा. तिथे बाप्तिस्म्याचा मंत्र पाच भाषांत लिहिलाय: लॅटिन, स्पॅनिश, केचुआ, आयमारा आणि पुकिना. यातली पुकिना आज कुणी बोलत नाही.

इंद्रधनुषी डोंगराबद्दल विचाराल. पाच हजार मीटरच्या वर आहे, पहाटे तीनला उठवून नेतात. चार-पाच दिवस इथे काढल्यावर जायचं तर जा. मी स्वतः कुणाला पाठवत नाही. मोसम म्हणाल तर मे ते ऑगस्ट कोरडा. रात्री मात्र हाडं गारठतात आणि बहुतेक घरांत हीटर नसतो. फेब्रुवारीत इंका ट्रेल, म्हणजे माचू पिक्चूला जाणारी जुनी पायवाट, बंद असते. मे-जूनमध्ये कॉर्पुस क्रिस्तीचा सण पडतो, तो साधला तर बघा. पंधरा संत आणि माता आपापल्या चर्चमधून खांद्यांवरून चौकात येतात, पुढे बँड, आणि खांदा बदलताना तीच ढकलाढकल जी आपल्याकडे पालखीला होते.

दोन किरकोळ गोष्टी. कोकाची पानं, चहा, गोळ्या इथे कायदेशीर आहेत, पण परतीच्या बॅगेत एकही घालू नका. आठवण म्हणून नाही, आईच्या गुडघ्यांसाठी तर नाहीच. आणि सुटे जपा. फाटकी नोट कुणी घेत नाही आणि शंभराची नोट काढलीत की सगळीकडे एकच उत्तर, 'नो आय सेन्सियो', सुटे नाहीत.

सुटे मिळवण्याची जागा म्हणजे सान पेद्रो बाजार. तिथे रसवाल्या बायकांची रांगच्या रांग आहे, उंच ओट्यांवर बसलेल्या, समोर फळांची उतरंड. ती तुम्हाला 'कासेरिता' म्हणेल, तुम्हीही तिला 'कासेरा' म्हणायचं. नेहमीचं गिऱ्हाईक आणि नेहमीची विक्रेती, दोघींना एकच शब्द. पेला भरून देते, मिक्सरच्या भांड्यात बराच रस उरतो. तो तुमचाच असतो, त्याला 'यापा' म्हणतात. शेवटच्या दिवशी मामांना घेऊन गेले होते. त्यांनी पेला संपवला, पैसे ठेवले आणि सवयीने घड्याळ बघत उठले. बटाट्याच्या गाळ्यापर्यंत पोचलो असू, तर मागून "पापा! पापा!" अशा हाका. मामांना वाटलं बटाटे विकतेय, कारण 'पापा' म्हणजे बटाटाही. वळून बघतो तर ती बाई भांडं घेऊन उभी, दुसऱ्या हातात मामांचाच पेला.