बोलोन्याच्या मांडवात, तोर्तेल्लीनीच्या रांगेत

इटलीतल्या बोलोन्यात, एका पक्षाच्या उत्सवात, तोर्तेल्लीनीसाठी (सारण भरलेला छोटा पास्ता) रांगेत उभं राहून पस्तीस मिनिटं झाली होती, डासांनी पाय फोडून काढले होते आणि भाचा म्हणत होता, "मावशी, तू जरा दमानं घे. हे सगळे फुकट काम करतायत." फुकट राबणाऱ्या माणसांवर चिडता येत नाही, ही मोठीच पंचाईत असते.

मिलान, फ्लोरेन्स, रोम यांच्याबद्दल मी लिहिणार नाहीये. एका ठिकाणी गर्दी होती, दुसऱ्या ठिकाणी ऊन आणि तिसऱ्या ठिकाणी दोन्ही. बोलोन्याला गेले ती भाचा तिथे शिकतो म्हणून, आणि खरं सांगायचं तर राहायचा खर्च वाचेल म्हणून. त्याच्या खोलीत पंखा नव्हता. सप्टेंबरातही तिकडे इतकं उकडतं, हे त्यानं मला आधी सांगायला हवं होतं.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर भिंतीवरचं घड्याळ दिसलं. त्यात १० वाजून २५ मिनिटं झाली होती. मी माझं घड्याळ लावायला गेले तर भाचा म्हणाला, ते तिथेच थांबवलंय. २ ऑगस्ट १९८० ला सकाळी त्याच वेळी प्रतीक्षागृहात बॉम्ब फुटला आणि ८५ माणसं गेली. नवफॅसिस्टांना त्यासाठी शिक्षा झाल्या. मरण पावलेल्यांची नावं प्रतीक्षागृहात एका फलकावर आहेत, आणि त्याच्या शेजारी लोक बॅगा टेकवून गाडीची वाट बघत बसलेले असतात. मीही बसले, पण पाच मिनिटांत उठले.

हे शहर लाल म्हणून ओळखलं जातं. विटा लाल आहेतच, पण १९४५ पासून १९९९ पर्यंत इथे महापौर डाव्यांचाच होता. पहिले ज्युसेप्पे दोत्सा तर सलग एकवीस वर्षं. आणि हे लोक नुसते मोर्चे काढत नव्हते. त्यांनी पाळणाघरं काढली, जुन्या वस्तीतली घरं पाडायच्या ऐवजी दुरुस्त करून भाड्यानं दिली, १९७३ मध्ये कामावर जायच्या-यायच्या वेळेत बस फुकट केली. रोममध्ये मात्र १९४७ नंतर कम्युनिस्टांना मंत्रिमंडळात घेतलं नाही. १९७६ मध्ये ३४.४ टक्के मतं मिळूनही नाही. पश्चिम युरोपातला सगळ्यात मोठा कम्युनिस्ट पक्ष, आणि हाती काय, तर नगरपालिका. १९९९ मध्ये डाव्यांच्या हातून तीही गेली. हरवणारा गुआत्सालोका हा धंद्यानं खाटीक होता. पाच वर्षांनी ती परत आली, हा भाग वेगळा.

दुपारी बोलोन्यीनात गेलो. स्टेशनच्या मागची ही कामगार वस्ती, आता तिथे चिनी आणि बांगलादेशी दुकानं दिसतात. बर्लिनची भिंत पडून तीन दिवस झाले होते तेव्हा, १२ नोव्हेंबर १९८९ ला, कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस ओक्केत्तो इथे जुन्या पार्टिझान (फॅसिस्टांविरुद्ध लढलेल्या) लढवय्यांच्या कार्यक्रमाला आला आणि सगळं बदलावं लागेल अशा अर्थाचं बोलला. पक्षाचं नाव बदलणार का, असं विचारल्यावर त्यानं नाही म्हटलं नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये रिमिनीला पक्ष विसर्जित झाला आणि नव्या नावाचा डावा पक्ष निघाला. ओक्केत्तो बोलला ते सभागृह पाहायला म्हणून दोनदा गल्ली चुकलो, आणि सापडलं तेव्हा दार बंद. मी दाराचा फोटो काढला. दाराचा फोटो कुणाला दाखवायचा, सांगा.

संध्याकाळी पार्को नॉर्द हे मोठं उद्यान. फेस्ता देल्लुनिता. कम्युनिस्ट नेता ग्राम्शीनं १९२४ मध्ये काढलेल्या ‘लुनिता’ या पक्षाच्या वर्तमानपत्राचा हा उत्सव १९४५ पासून चालत आलाय. ते वर्तमानपत्र मधे कितीदा तरी बंद पडलं, ते काढणारा पक्ष राहिला नाही, तरी उत्सव चालूच आहे. आता तो मध्य-डावी डेमोक्रॅटिक पार्टी भरवते. तिची नेता एली श्लाइन हिनं पक्षाचं सदस्यत्व घेतलं ते २०२२ च्या डिसेंबरात, बोलोन्यीनातल्याच शाखेत. (शाखा म्हटलं की आपल्याकडे वेगळंच काही डोळ्यांपुढे येतं, त्याला माझा इलाज नाही.) मांडव, पुस्तकांचा स्टॉल, कम्युनिस्ट पक्षाचा जुना नेता बेर्लिंग्वेर याचं चित्र असलेले टी-शर्ट आणि सगळीकडे तळणाचा वास.

तर रांग. काउंटरवर आधी पैसे भरून चिठ्ठी घ्यायची, मग टेबल शोधायचं, मग वाट बघायची. नंबर आला तेव्हा कळलं की तोर्तेल्लीनीत डुकराचं मांस असतं. माझा श्रावण चालू होता. मी तोंड एवढंसं केलं, भाच्यानं हात जोडले, आणि स्वयंपाकाच्या तंबूतून एक आजी बाहेर आली.

सत्तरीच्या पुढची असावी. कोपरापर्यंत पीठ. तिनं आम्हाला आत नेलं. फळीवर हाताएवढ्या लांब लाटण्यानं ती पोळी लाटत होती, इतकी पातळ की खालच्या फळीची रेघ दिसावी. चौकोन कापायचा, त्यात वाटाण्याएवढं सारण, त्रिकोणी घडी, करंगळीभोवती गुंडाळून टोकं दाबायची. बोलता बोलता एका मिनिटात तिनं किती केल्या, ते मी मोजायचं विसरले.

भाचा मधे बसून भाषांतर करत होता. ती चाळीस उन्हाळे इथे येतेय. पक्षाचं नाव बदलायला तिनं शाखेच्या बैठकीत विरोध केला होता, हात वर करून. मग त्या उन्हाळ्यात आली का? आली की, पोळ्या कोण लाटणार! तिची मुलगी फुटून रिफोन्दात्सियोनेत, म्हणजे कम्युनिस्ट नाव न सोडणाऱ्यांच्या पक्षात, गेली. त्या मंडळींना २००८ मध्ये आघाडी करूनही संसदेत एक जागा मिळाली नाही. नातू मतच देत नाही. २०१४ च्या प्रादेशिक निवडणुकीत याच लाल प्रदेशात मतदान ३८ टक्क्यांच्या आसपास झालं होतं, जिथे एकेकाळी नव्वदच्या वर व्हायचं. नातवाबद्दल सांगताना तिनं लाटणं जरा जोरात आपटलं. उजव्यांची मेलोनी पंतप्रधान झाल्याचा विषय भाच्यानं काढला, तेव्हा मात्र आपटलं नाही. नुसता हात झटकला, पीठ उडालं.

मी सांगितलं, माझे आजोबा परळच्या गिरणीत होते, लाल बावट्याचे. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि त्यांच्या जागी शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला, तेव्हापासून आजोबा निवडणुकीच्या दिवशी गप्प बसायचे. भाच्याला हे इटालियनमध्ये सांगताना घाम फुटला. आजीनं एकच विचारलं, त्यांच्या पक्षाचं नाव बदललं का?

नाही म्हटलं. नाव तेच आहे.

ती काही बोलली नाही. मग आतल्या कुणाला तरी ओरडून काही सांगितलं, आणि माझ्यापुढे मोठ्या घड्यांच्या तोर्तेल्लोनीची बशी आली, आत रिकोत्ता, वरून लोणी आणि सेजची पानं. वरून किसलेलं पार्मेसान. त्यात वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं हे मला माहीत होतं. मी खाल्लं. आईनं हे वाचू नये.

जास्तीचे पैसे घ्यायला ती तयार होईना. काउंटरवर परत जाऊन भरावेत, तर तिथे पुन्हा तीच रांग. तेवढ्यात शेवटची बस गेली, आणि आम्ही हायवेच्या कडेनं डास मारत चालत घरी आलो.