मूळ टाइप्सची हेडर फाइल लिहिताना

सी या प्रोग्रामिंग भाषेतला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा मूळ टाइप, नेमका किती बिटांचा, हा प्रश्न मला पहिली काही वर्षं पडलाच नाही. आमचं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्राम, एकाच ८-बिट एव्हीआर चिपवर चालायचं. तिथे इंट १६ बिटांचा, लाँग ३२ बिटांचा, आणि सगळा कोड याच समजुतीवर उभा होता. मग दोन गोष्टी एकदम आल्या. नवं उत्पादन आर्मच्या कॉर्टेक्स-एम० या ३२-बिट चिपवर न्यायचं ठरलं, आणि बोर्ड हातात नसतानाही चाचण्या चालाव्यात म्हणून तोच कोड ६४-बिट लिनक्स पीसीवर कंपाइल करायचं ठरलं. एव्हीआरचे जुने बोर्ड वापरात होतेच, ते सोडून देणं शक्य नव्हतं. शिवाय आणखी एका जुन्या उत्पादनाचा कंपाइलर सी८९, म्हणजे सीच्या १९८९ च्या मानकाच्या, पुढे गेलेलाच नव्हता. या सगळ्यांना चालेल अशी मूळ टाइप्स आणि मॅक्रोंची (कंपाइल होण्याआधी ठरलेल्या मजकुरात उघडणाऱ्या नावांची) एकच हेडर फाइल, म्हणजे सगळ्या कोडला जोडली जाणारी सामायिक फाइल, करायचं काम माझ्याकडे आलं.

पीसीवर पहिल्यांदा चाचण्या चालवल्या आणि सीआरसी-३२, म्हणजे डेटा बिघडला नाही ना हे तपासणारा आकडा, चुकला. एव्हीआरवर वर्षानुवर्षं बरोबर चाललेलं फंक्शन, एकही ओळ न बदलता. त्यात बेरजेसाठी अनसाइन्ड (बिनचिन्हाचा, उणे किंमत नसलेला) लाँग होता आणि सुरुवातीची किंमत ‘शून्याचे सगळे बिट उलटे’ अशी लिहिली होती. ३२ बिटांत ती किंमत बरोबर बसते. पण ६४-बिट लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा, त्यामुळे वरचे ३२ बिटही एक झाले आणि उजवीकडे सरकवताना एकेक करून खाली उतरले. ६४-बिट विंडोजवर मात्र लाँग ३२ बिटांचाच असतो, म्हणजे तिथे ही चूक दिसलीच नसती. मानक फक्त किमान रुंदी सांगतं: इंटला १६, लाँगला ३२. कमाल किती, ते कंपाइलर आणि प्लॅटफॉर्म ठरवतात. हे मी शिकताना वाचलं होतं. त्या दिवशी ते समोर घडताना पाहिलं.

पहिला मसुदा मी उत्साहात लिहिला. प्रत्येक कंपाइलरसाठी वेगळा इफडेफ (अट पाहून कोडचा भाग निवडणारी सूचना), आणि आत आमची स्वतःची सुटसुटीत नावं: यू८, यू१६, यू३२, एस१६. लिहायला सोपी, वाचायला सोपी. कॉर्टेक्स-एम० वर चिपसोबत आलेली ड्रायव्हर लायब्ररी जोडली आणि कंपाइलर अडला. त्या लायब्ररीतही यू३२ होतं, अनसाइन्ड इंट म्हणून. माझं यू३२ होतं अनसाइन्ड लाँग. दोन्ही ३२ बिटांचे, दोन्ही बिनचिन्हाचे, तरीही सीच्या दृष्टीने ते दोन वेगळे टाइप आहेत आणि एकाच नावाला दोन टाइप चालत नाहीत. रुंदी सारखी म्हणजे टाइप सारखा नव्हे, ही गोष्ट मला तिथे पक्की कळली. नंतर आकडे छापणाऱ्या प्रिंटएफच्या वॉर्निंग्जमध्ये ती पुन्हा भेटली: आम्ही आर्मसाठी वापरत होतो त्या टूलचेनमध्ये (कंपाइलर आणि त्याच्या सोबतची साधनं) प्रमाण ३२-बिट टाइपही अनसाइन्ड लाँगच आहे, त्यामुळे साध्या टक्का-यू या फॉरमॅटवर कंपाइलर कुरकुरतो. त्यासाठी इंटटाइप्स.एच मधले तयार फॉरमॅट मॅक्रो वापरावे लागतात. दिसायला ते ओबडधोबड आहेत, पण बरोबर आहेत.

मग मी स्वतःची नावं टाकून दिली. सी९९ पासून स्टडइंट.एच मध्ये यूइंट८_टी, यूइंट१६_टी, यूइंट३२_टी अशी नावं मिळतात. जिथे ती फाइल आहे तिथे तीच घ्यायची, आणि फक्त त्या जुन्या कंपाइलरसाठी आपण तीच नावं पुरवायची. मिस्रा-सी २०१२ या सुरक्षित सी लिहिण्याच्या नियमावलीचा निर्देश ४.६ हेच सुचवतो, की अंकांच्या मूळ टाइप्सऐवजी रुंदी आणि चिन्ह सांगणारी नावं वापरा. आमच्यापुरता फायदा असा, की नवा माणूस आला तर त्याला आमची बोली शिकावी लागत नाही.

जुन्या कंपाइलरचा भाग लिहिताना मी प्रीप्रोसेसरच्या (कंपाइल होण्याआधी मॅक्रो उघडणाऱ्या टप्प्याच्या) इफमध्ये टाइपची लांबी सांगणारं साइझऑफ लिहून पाहिलं. ते चालत नाही. प्रीप्रोसेसर काम करतो तेव्हा टाइप्स नावाची गोष्टच अस्तित्वात नसते, त्याला फक्त आकडे आणि मॅक्रो कळतात. तिथे कामाला येते लिमिट्स.एच, प्रत्येक टाइपची कमाल-किमान किंमत देणारी फाइल. अनसाइन्ड शॉर्टची कमाल किंमत ६५५३५ असेल तर तोच आपला १६-बिट टाइप. अनसाइन्ड इंटची कमाल किंमत ४२९४९६७२९५ असेल तर तो ३२-बिट, नसेल तर लाँगकडे बघा, आणि तोही नसेल तर एररने तिथेच थांबा. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. काहीतरी अंदाजाने निवडून पुढे जाणारी हेडर फाइल मला धोकादायक वाटते.

त्यानंतर मी सगळ्यात जास्त वेळ दिला तो कंपाइलच्या वेळच्या खात्रीला. सी११ मध्ये त्यासाठी स्टॅटिक असर्ट, म्हणजे अट खोटी असेल तर कंपाइल थांबवणारी सूचना, भाषेतच आहे. सी८९ मध्ये जुनी युक्ती वापरावी लागते: अट खरी असेल तर एक घराचा, खोटी असेल तर उणे एक घराचा ॲरे टाइपडेफ करायचा, म्हणजे त्या टाइपला नाव द्यायचं. उणे घरांचा ॲरे कुठलाच कंपाइलर स्वीकारत नाही. या टाइपडेफला दरवेळी वेगळं नाव हवं, म्हणून मी ओळीचा क्रमांक चिकटवला, आणि तरीही सगळ्यांना एकच नाव मिळालं. दुहेरी हॅशने जोडताना मॅक्रोला दिलेला युक्तिवाद आधी उघडला जात नाही, क्रमांकाऐवजी ‘लाइन’ हा शब्दच जसाच्या तसा चिकटतो. मध्ये आणखी एक मॅक्रो घातला, आधी उघडायचा आणि मग जोडायचा, की सुटतं.

हा मॅक्रो हातात आल्यावर मी तो जिथे जिथे समजूत होती तिथे तिथे लावला. बाइट ८ बिटांचा आहे का? हा प्रश्न पोकळ नाही. टीआयच्या सी२००० मालिकेतल्या डीएसपींवर (सिग्नल हाताळणाऱ्या चिपवर) कॅरेक्टर टाइप, म्हणजेच सीचा बाइट, १६ बिटांचा असतो, आणि तिथे यूइंट८_टी असूच शकत नाही. तारेवरून जाणाऱ्या पॅकेटच्या स्ट्रक्चरची लांबी ठरलेलीच आहे का? या शेवटच्या प्रश्नाने लगेच काम दाखवलं. स्ट्रक्चरमध्ये एक ईनम (नावं दिलेल्या ठरावीक किमतींचा टाइप) होता. आर्मच्या त्या टूलचेनने तो एका बाइटात बसवला, पीसीवरच्या जीसीसीने चार बाइट घेतले. बोर्ड आणि पीसी एकमेकांशी बोलायला लागण्याआधीच कंपाइलरने ओळ क्रमांकासह दाखवून दिलं. ईनम काढून तिथे यूइंट८_टी घातला.

कॅरेक्टर टाइपबद्दल थोडक्यात सांगते. तो चिन्हाचा की बिनचिन्हाचा, हेही प्लॅटफॉर्मवर असतं. एक्स८६ वर चिन्हाचा, आर्मवर बिनचिन्हाचा. आमच्या एका फंक्शनचा उणे एक हा उत्तरादाखल येणारा आकडा त्यात साठवला जात होता आणि आर्मवर ती तुलना कधीच खरी ठरत नव्हती. तेव्हापासून तो टाइप फक्त अक्षरांसाठी ठेवला आहे.

जुन्या कोडमध्ये खरं-खोटं ठेवणारा बूलही घरचाच होता, अनसाइन्ड कॅरेक्टरचा टाइपडेफ. स्टेटस रजिस्टरमधला नववा बिट तपासून निकाल त्यात ठेवला जात होता. बिट चालू असेल तर निकाल २५६, आणि २५६ एका बाइटात ठेवला की उरतो शून्य. म्हणजे बिट चालू असताना ‘खोटं’. सी९९ चा खरा बूल अशा वेळी शून्य नसलेल्या कुठल्याही किमतीचा एक करतो. जुन्या कंपाइलरवर तो नाही, म्हणून आम्ही नियम केला की बूलमध्ये काही ठेवायचं तर ‘शून्य नाही’ अशी उघड तुलना करूनच ठेवायचं.

मॅक्रोंमध्ये कंस, डू-व्हाइल-शून्य वगैरे नेहमीची शिस्त सगळ्यांना माहीत असते, त्यावर इथे वेळ घालवत नाही. मला त्रास झाला तो किमान काढणाऱ्या मॅक्रोचा. कोणीतरी त्याला थेट फिफोमधून (आलेले बाइट रांगेत धरणाऱ्या जागेतून) बाइट वाचणारं फंक्शन दिलं होतं. मॅक्रोत तो युक्तिवाद दोनदा येतो, त्यामुळे फंक्शन दोनदा चालायचं आणि एक बाइट गायब व्हायचा. किमान आणि कमाल दोन्हींच्या जागी स्टॅटिक इनलाइन फंक्शन घातली, टाइपागणिक एकेक. जुन्या कंपाइलरला इनलाइन कळत नाही, तिथे नुसतं स्टॅटिक. मॅक्रो नको असेल तिथे तो न लिहिणं हेही या फाइलचंच काम आहे, असं माझं मत झालं.

बिटचा मॅक्रो मात्र ठेवावा लागला. जुन्या कोडमध्ये साधा १ डावीकडे सरकवला होता. १६-बिट इंटवर तो सोळाव्या जागी सरकवणं हे अनिश्चित वर्तन. म्हणून १ ला ३२-बिट बिनचिन्हाचा केला. पण एव्हीआरमध्ये एका फटक्यात हवं तितकं सरकवणारी सोय नाही, चलाने सरकवायचं तर लूप फिरतो, आणि तो चार बाइटांवर फिरला की वेळ जातो. म्हणून ८-बिट रजिस्टरांसाठी वेगळा मॅक्रो दिला.

स्थिरांकांचंही तसंच. पीसीवर लिहून तपासलेल्या नव्या कोडमध्ये मिनिटांचे मिलिसेकंद करायला ‘मिनिटं * ६० * १०००’ असं होतं आणि उत्तर यूइंट३२_टी मध्ये जात होतं. ठेवायची जागा ३२ बिटांची आहे म्हणून गुणाकारही ३२ बिटांत होईल असं वाटतं, पण गुणाकार डावीकडे काय आहे ते बघत नाही. एव्हीआरवर तो १६-बिट इंटमध्ये होतो. एका मिनिटासाठी ६०००० ऐवजी उणे ५५३६ आलं, आणि ते बिनचिन्हाच्या ३२ बिटांत जाऊन ४२९४९६१७६० झालं. एका मिनिटाची वाट पाहायला सांगितलेला बोर्ड ४९ दिवसांहून जास्त थांबायला निघाला होता. पहिल्याच पदाला ३२-बिट केलं आणि ते सुटलं.

इथपर्यंत येऊन सगळे टाइप्स नेमके झाले होते, सगळ्या असर्ट पास, चारही कंपाइलरवर एकही वॉर्निंग नाही. आणि तरीही कॉर्टेक्स-एम० चा बोर्ड काही दिवसांनी एकदा गप्प व्हायचा. सेन्सरला प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहायची, ३०० मिलिसेकंदांत आलं नाही तर पुन्हा विचारायचं, एवढाच तो भाग. आता आणि सुरुवात हे दोन यूइंट१६_टी, आणि अट ‘आता - सुरुवात >= ३००’. एव्हीआरवर ती कधीच चुकली नव्हती.

मी डीबगर लावून त्याला पकडलं तेव्हा सुरुवात होती ६५४००. मिलिसेकंदांचा १६-बिट काउंटर ६५५३५ नंतर शून्यावर येतो. ३०० मिलिसेकंदांनी आता १६४ होतो. एव्हीआरवर यूइंट१६_टी म्हणजेच अनसाइन्ड इंट, त्यामुळे वजाबाकी १६ बिटांतच गुंडाळली जाते आणि उत्तर ३०० येतं. कॉर्टेक्स-एम० वर इंट ३२ बिटांचा. वजाबाकी करण्याआधी सी दोन्ही किमती इंटमध्ये बढती देऊन नेते, आणि १६४ वजा ६५४०० होतात उणे ६५२३६. ते ३०० पेक्षा मोठं कधीच होत नाही. पुढे काउंटर ६५५३५ पर्यंत गेला तरी फरक १३५ च. वेळ संपतच नाही. सुरुवात काउंटरच्या शेवटच्या ३०० मिलिसेकंदांत पडली आणि नेमकं तेव्हाच सेन्सरने उत्तर दिलं नाही, तरच हे घडणार. प्रयोगशाळेत सेन्सर नेहमी उत्तर देत होता. आणि कोणी ३०० च्या पुढे बिनचिन्हाचा प्रत्यय लावला असता तर उलटं झालं असतं: उणे आकडा प्रचंड मोठा ठरून काउंटर शून्यावर येताक्षणी वेळ संपली असती.

टाइपचं नाव दोन्हीकडे तेच होतं, रुंदीही तीच. मी दिलेली हेडर फाइल किंमत किती जागेत ठेवायची ते ठरवत होती. हिशोब किती रुंदीत होणार ते अजूनही त्या चिपचा इंटच ठरवत होता. हे मला आधी कोणी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. याच कारणाने दोन यूइंट१६_टी चा गुणाकारही आता ३२-बिट चिन्हाच्या इंटमध्ये होतो, आणि ६५५३५ गुणिले ६५५३५ त्यात मावत नाही.

उपाय एका ओळीचा: फरक काढला की तो परत यूइंट१६_टी मध्ये कास्ट करायचा, म्हणजे त्या टाइपमध्ये बदलून घ्यायचा. पण ती ओळ सगळीकडे लक्षात ठेवून लिहायची नाही. हेडर फाइलमध्ये ‘किती वेळ गेला’ असं एक छोटं फंक्शन केलं, दोन यूइंट१६_टी घेणारं आणि यूइंट१६_टी परत देणारं. कोडमधल्या वेळेच्या सगळ्या वजाबाक्या शोधून त्याच्याकडे वळवल्या. पीसीवरही इंट ३२ बिटांचाच, म्हणजे ही चूक तिथेही दिसायला हवी होती. दिसली नाही, कारण आमच्या चाचण्यांचं घड्याळ नेहमी शून्यापासून सुरू व्हायचं. आता ते ६५४०० पासून सुरू होतं.

मग मी त्या बोर्डची सेन्सरची वायर काढली आणि तो रात्रभर चालू ठेवला. सकाळी लॉग उघडला तेव्हा पुन्हा विचारल्याची नोंद दर ३०० मिलिसेकंदांना होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये एकही खंड नव्हता.