बसल्या जागी मेलेलं बेअरिंग

फैजपूरला माझं मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरचं वायंडिंग नव्याने करायचं दुकान आहे. केळीच्या पट्ट्यात हा धंदा करायचा म्हणजे मार्च ते जून जेवायलाही उसंत मिळत नाही. मोटर जळाली की चार दिवसांत बाग माना टाकते. शेतकरी दुकानाच्या पायरीवर येऊन बसतो, तो मोटर घेऊनच उठतो.

विमानाशी माझा संबंध एवढाच, की भाचा मुंबईला विमानं दुरुस्त करतो. तरी हे लिहितोय, कारण एका साडेसात एचपीच्या मोनोब्लॉकवरून (मोटर आणि पंप एकाच अंगात असतात ती) माझं डोकं फिरलं होतं आणि त्याचं उत्तर मला विमानाच्या इंजिनापाशी सापडलं.

झालं असं. आमच्या एका गिऱ्हाइकाने नवी कोरी मोटर मागवली. ट्रान्सपोर्टने आली, त्याआधी कुठल्याशा गोडाऊनला महिना-दीड महिना पडून होती. बसवली, बटण दाबलं, आणि पहिल्याच मिनिटाला बेअरिंग वाजायला लागलं. विकणारा म्हणाला, बसवताना तुम्ही हातोडा मारला असेल. बत्तीस वर्षं हातोड्याऐवजी पुलर वापरणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं! मी बेअरिंग काढून कापलं. आतल्या रेसवर, म्हणजे छर्रे ज्या कड्यावरून फिरतात त्यावर, एकसारख्या अंतरावर बारीक खड्डे होते. जेवढे छर्रे, तेवढेच खड्डे, आणि प्रत्येकाभोवती तांबूस भुकटी. हातोड्याने असे हिशेबात खड्डे पडत नाहीत. पण हे मी कोणाला सांगणार? मोटर बदलून मिळाली नाही ती नाहीच.

त्याच पावसाळ्यात, म्हणजे 2019 साली, भुसावळहून मुक्ताईनगरकडे जात होतो. चौपदरीकरणाचं काम चालू होतं, रस्ता म्हणजे नुसती चाळण. वरणगावच्या पुढे एका ढाब्यावर शेवभाजी खायला थांबलो, तर शेजारी एक लांबलचक ट्रेलर उभा. वर एकच वस्तू. चंदेरी पिशवीत गच्च गुंडाळलेली, पिवळ्या लोखंडी पाळण्यात बसवलेली. मला वाटलं साखर कारखान्याचं काही असेल. ड्रायव्हर हरियाणाचा होता. म्हणाला, "हवाई जहाज का इंजन है, नागपूर जा रहा है." तिथे विमानतळाजवळ मिहानला बोइंगने एअर इंडियासाठी दुरुस्तीचं मोठं केंद्र उभारलंय, ते मला पेपरात वाचून माहीत होतं.

मी गमतीने विचारलं, "एवढ्याशा मालासाठी एवढा मोठा ट्रेलर?" तो म्हणाला, वजन कितीही कमी असो, हिलना नहीं चाहिए. मग त्याने खाली वाकून दाखवलं. पाट्यांचं सस्पेन्शनच नव्हतं, हवेचे फुगे होते. पाळणा आणि खालची फ्रेम यांच्यामध्ये रबराचे जाड गट्टू. इंजिनाला एक डबी बांधलेली, ती वाटेतला प्रत्येक धक्का वेळेसकट नोंदवते. "मैं सोया कि जागा, सब इसमें लिखा है," असं म्हणून तो हसला, पण फार मनापासून नाही.

रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त उडते, हे सावद्याहून केळी भरून जाणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. दहा चाकी ट्रकमध्ये पंधरा-सोळा टन केळी बसते. बोइंग 737 च्या बऱ्याच विमानांना लागलेलं सीएफएम 56 इंजिन जेमतेम अडीच टनांचं. म्हणजे मोठ्या ट्रेलरच्या दृष्टीने गाडी रिकामीच. म्हणून ते फुगे.

घरी आल्यावर रात्री भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, तुमच्या मोटरला जे झालं, तेच इंजिनाला होऊ नये म्हणून तो सगळा खटाटोप."

आता हे नीट सांगतो, कारण मला ते कळायला इतकी वर्षं लागली. बेअरिंग फिरतं तेव्हा छर्रे आणि रेस यांच्यामध्ये तेलाचा पातळ पडदा असतो आणि तो दर फेरीला नवा होतो. बेअरिंग बंद असताना गाडीने ते हलवलं, तर छर्रा जागच्या जागी मागे-पुढे घासतो. तेल बाजूला सरतं, लोखंडाला लोखंड लागतं, बारीक चुरा निघतो, तो गंजतो आणि तांबूस होतो. शेकडो किलोमीटर हेच चाललं की छर्ऱ्याच्या मापाचा खड्डा तयार. गेल्या शतकात अमेरिकेत नव्या मोटारगाड्या रेल्वेने पाठवत, तेव्हा एक फूटही न चाललेल्या गाड्यांच्या चाकांची बेअरिंगं अशीच वाजत उतरायची. याला 'फॉल्स ब्रिनेलिंग' म्हणतात. ब्रिनेल हा स्वीडनचा माणूस, धातूत गोळी दाबून त्याचा कडकपणा मोजायची रीत त्याची. इथे खड्डा तसाच दिसतो, पण तो दाबल्याने पडलेला नसतो, म्हणून 'फॉल्स'.

माझी मोनोब्लॉक मिनिटाला 2,880 च्या आसपास फिरते. सीएफएम 56 चा पुढचा पंखा पाच हजारांवर जातो आणि आतला गाभा चौदा हजारांवर. सगळा डोलारा पाच मुख्य बेअरिंगांवर. शिवाय त्या बेअरिंगांना तेल इंजिन चालू असतानाच पंपाने मिळतं, ट्रेलरवर कोण देणार? मोटर वाजली तर बाग वाळेल. तिकडे काय होईल ते वेगळं सांगायला नको.

चंदेरी पिशवीचंही भाच्यानेच सांगितलं. आत ओल शोषणाऱ्या पुड्या असतात आणि एक कार्ड असतं. कार्ड निळं असेल तर हवा कोरडी, गुलाबी झालं की ओल शिरली. आमच्याकडे वायंडिंगला ओल लागू नये म्हणून आम्ही बल्ब लावून ठेवतो. जात एकच.

मी विचारलं, "पण विमानाचं इंजिन विमानानेच का नेत नाहीत?"

"नेतात की. कधी कधी पंखाला टांगून नेतात."

मला वाटलं मामाची चेष्टा चाललीय. पण खरंच तसं आहे. जंबो जेटला, म्हणजे 747 ला, चार इंजिनं. डाव्या पंखाखाली, धड आणि आतलं इंजिन यांच्या मध्ये पाचवं अडकवायची सोय बोइंगने करून ठेवलेली. त्याआधीच्या 707 लाही होती. हे पाचवं इंजिन चालत नाही, नुसतं लटकतं. धडाजवळ एवढ्यासाठी, की तिथे पंख सगळ्यात दणकट असतो आणि वजनाने, वाऱ्याच्या ओढीने विमान एका बाजूला कमी खेचलं जातं. पुढच्या पंख्याची पाती काढून ठेवायची किंवा तोंडावर टोपण बसवायचं, नाहीतर वारा शिरून ते गरागरा फिरत राहील. तरीही पायलटला विमान सरळ ठेवायला थोडा तोल द्यावा लागतो आणि इंधन जास्त जळतं.

जानेवारी 2016 मध्ये क्वांटासचं एक 747 जोहान्सबर्गला इंजिन बिघडून अडकलं होतं. सिडनीहून रोजच्या प्रवाशांच्या विमानालाच पाचवं इंजिन लावून पाठवलं. हा अकरा हजार किलोमीटरचा टप्पा एरवी ते एका दमात मारतं. त्या दिवशी पर्थला उतरून इंधन घ्यावं लागलं. प्रवाशांनी खिडकीतून पाहिलं असेल तेव्हा काय वाटलं असेल, देव जाणे. मी तर मोजून तीनदा खात्री केली असती.

मग भाचा जरा थांबला आणि म्हणाला, "मामा, कनिष्कला पण होतं."

23 जून 1985. एअर इंडियाचं कनिष्क नावाचं जंबो अटलांटिकवर, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटलं, 329 माणसं गेली. मी तेव्हा लहान होतो, पण घरी रेडिओभोवती जमलेली माणसं आठवतात. त्याआधी दोन आठवड्यांपूर्वी टोरांटोत एअर इंडियाच्याच एका जंबोचं इंजिन बिघडलं होतं. ते बिघडलेलं इंजिन दुरुस्तीला भारतात आणायला कनिष्कच्या डाव्या पंखाला लावलेलं होतं आणि त्याचे सोडवलेले भाग मागच्या मालकक्षात होते. ते चढवण्यात विमानाला दीडेक तास उशीरही झाला. घात केला तो सामानातल्या बॉम्बने, इंजिनाचा त्यात दोष नाही. पण ते बिचारं बिघडलेलं इंजिन घरी दुरुस्तीला येत होतं, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री पुढे काही विचारलं नाही मी.

आता ती सोय संपत आली. क्वांटासने 2020 मध्ये आपली 747 निवृत्त केली आणि बोइंगने शेवटचं 747 जानेवारी 2023 मध्ये दिलं, तेही मालवाहू. हल्लीच्या विमानांना दोनच इंजिनं असतात, आणि तीही अवाढव्य. 777 च्या जीई 90 चा पंखा सव्वातीन मीटरचा, एसटीच्या रुंदीपेक्षा जास्त. ते अख्खं 747 च्या मालवाहू दारातूनही जात नाही. एक तर पंख्याचा भाग सोडवून वेगळा पाठवायचा, नाहीतर युक्रेनचं आन्तोनोव्ह 124 बोलवायचं. त्या विमानाचं पोट 6.4 मीटर रुंद आणि 4.4 मीटर उंच, नाक वर उचललं की आत सरळ ट्रेलर जातो. माझ्या मते पंखाला टांगण्यातच खरी गंमत होती. पंख लवतो तो सावकाश लवतो, डंपरसारखा आपटत नाही.

ढाब्यावरचा ट्रेलर माझ्याआधी निघाला. पुढे गतिरोधक होता. ड्रायव्हरने एकेक चाक असं उतरवलं, की मागच्या एसटीने हॉर्न वाजवून वाजवून जीव घेतला.

परवा चिनावलचा एक पोरगा भरलेली मोटर न्यायला टेम्पो घेऊन आला. मी त्याला आधी केळीचा वाळलेला पाला आणायला लावला, तो हौद्यात पसरला, त्यावर जुनं टायर, टायरवर मोटर. शाफ्ट हलू नये म्हणून लाकडाची पाचर ठोकली.

"काय भो काका," तो म्हणाला, "मोटर न्यायची का बाळंतीण?"

मोटर बसवण्याआधी पाचर काढायची, एवढं त्याला दोनदा सांगितलं.