पगार वीस तारखेलाच का संपतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमीचाच, शब्द तेवढे बदलतात : "पगार बरा आहे, व्यसन नाही, उधळपट्टी नाही. तरी वीस तारखेला खातं कोरडं. काऊन होते असं?"

बहुतेक सल्लागार लगेच चहा-नाश्त्यावर घसरतात. तर्री पोहे सोडा म्हणतात. ३० रुपयांची प्लेट, महिन्यातले २६ दिवस, झाले ७८० रुपये. एवढ्यानं ४५ हजार पगाराचं घर बुडत नसतं, पोहे खुशाल खा. घर बुडतं ते वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांनी, कारण ते कुठल्याच महिन्याच्या हिशेबात नसतात. आले की आपण म्हणतो, "या महिन्यात जरा जास्तच झालं." मग पुढच्या महिन्यातही तेच म्हणतो.

नागपूरचं वर्षच बघा. मार्चमध्ये कूलर धुवायला काढला की ताट्या (बाजूच्या गवती जाळ्या), पंप, तळाला गंज धरलेल्या टाकीला रंग, असे धरा २,५०० रुपये. मग वीजबिल. २०० वॉटचा कूलर रोज १२ तास चालला तर २.४ युनिट, म्हणजे महिन्याला ७२. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट खातो, आठ तास लावला तर महिन्याला २४० ते ३६० युनिट. महावितरणच्या बिलात १०० च्या वरचं युनिट महाग, ३०० च्या वरचं त्याहून महाग, त्यामुळे वापर दुप्पट झाला तर बिल दुपटीवर थांबत नाही. एप्रिल-मेचं हे बिल हातात पडतं मे-जूनमध्ये. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा फी, वह्या-पुस्तकं, गणवेश हेही त्याच पगारावर येऊन आदळतात.

एका चौकोनी कुटुंबाचा नमुना मांडतो, आकडे तुम्ही तुमचे घाला. कूलर २,५००. उन्हाळ्यातलं जास्तीचं वीजबिल तीन महिन्यांचं ६,०००. शाळा ३०,०००. दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,५००. आरोग्य विमा २४,०००. टर्म विमा १४,०००. महालक्ष्म्या आणि दिवाळी मिळून २५,०००. लग्नसराईतले आहेर आणि जाणं-येणं १२,०००. घरपट्टी-पाणीपट्टी ५,०००. बेरीज १,२३,०००. भागिले बारा, १०,२५०.

म्हणजे तुमचा पगार ४५ हजार नाहीच, पावणेपस्तीस हजार आहे. भाडं, हप्ते, किराणा सगळं या पावणेपस्तीसात बसवायचं. बसत नसेल तर कुठं कापायचं ते निदान आज कळेल, ऐन जूनमध्ये नाही.

हे १०,२५० रुपये पगाराच्या खात्यात ठेवून जमत नाही. शिल्लक दिसली की हात जातोच. दुसरं बचत खातं उघडा, तेही दुसऱ्या बँकेत. किमान शिलकीची अट नसलेलं मूलभूत बचत खातं घेणार असाल तर दुसरी बँक लागतेच, कारण एकाच बँकेत ते आणि साधं बचत खातं अशी दोन्ही ठेवता येत नाहीत. या खात्याला यूपीआय जोडू नका, डेबिट कार्ड कपाटात ठेवा. पगाराच्या खात्यातून दर महिन्याला आपोआप रक्कम वळती होईल अशी स्थायी सूचना द्या, पण एक तारखेची नको. एक तारखेला सुट्टी आली, पगार दोन दिवस पुढं गेला, की सूचना फसते आणि तो महिना तसाच सुटतो. चार किंवा पाच तारीख ठेवा.

पहिल्या वर्षी एक अडचण हमखास येते. सुरुवात नोव्हेंबरमध्ये केली तर जूनच्या फीपर्यंत आठच हप्ते हाताशी असतात, बारा नाहीत. ३०,००० भागिले आठ म्हणजे ३,७५०. बारानं भागून आलेले २,५०० धरले तर जूनमध्ये १० हजार कमी पडतात. "योजना चालत नाही" म्हणून लोक इथंच सोडून देतात. पहिल्या वर्षी प्रत्येक खर्चाला उरलेल्या महिन्यांनीच भागा, जड जाईल, पण दुसऱ्या वर्षी आकडा आपोआप उतरतो.

विम्याचे पैसे या खात्यात सगळ्यात आधी मोजा. आरोग्य विम्याचा हप्ता सवलतीच्या मुदतीनंतरही राहिला तर पॉलिसी बंद पडते, आणि जुन्या आजारांसाठी काढलेली प्रतीक्षेची वर्षं (ज्यात त्या आजारांचा खर्च विमा देत नाही) वाया जातात. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेव्हा त्याआधीची पावती बघून रक्कम धरू नका.

अशी सोय नसली की जूनमध्ये क्रेडिट कार्ड बाहेर येतं. २०,००० ची थकबाकी, महिन्याला साडेतीन टक्के : व्याज ७००, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६. तुम्ही १,००० रुपये भरलेत, त्यातले ८२६ असेच गेले, मुद्दल फिटली १७४ रुपये. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. पुढच्या महिन्याच्या किराण्यावर पहिल्या दिवसापासून व्याज.

"आमची भिशी आहे ना!" हे पुढचं वाक्य. भिशी वाईट नाही, शिस्त लावते. बारा जण, दोन-दोन हजार, लॉट २४,००० चा. पण चिठ्ठी तुमच्या नावाची कधी निघेल ते तुमच्या हातात नसतं. फेब्रुवारीत निघालेले २४ हजार जूनपर्यंत टिकत नाहीत. निघाले की त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका. बोलीची भिशी असेल, म्हणजे जो कमी रकमेवर राजी होईल त्याला लॉट, तर २४ चा लॉट २१ हजारांत उचलणारा ३ हजारांचं व्याजच भरत असतो, नाव तेवढं वेगळं. आणि आधी उचलून मग हप्ते थकवणारा एखादा निघाला तर दाखवायला तुमच्याकडे कागद नसतो, म्हणून भिशी ओळखीतलीच बरी.

अडीअडचणीचे पैसे या सगळ्याहून वेगळे. महालक्ष्म्या दरवर्षी येतात, ती अडचण नव्हे. तीन महिन्यांचा खर्च मुदत ठेवीत टाका, पण एक लाखाची एक पावती करण्यापेक्षा २५ हजारांच्या चार करा; गरज पडली तर एकच मोडेल, बाकीच्यांचं व्याज शाबूत. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, दर ठेवीदार दर बँक ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, हे अर्धा-एक टक्का जास्त व्याज सांगणारा एजंट सहसा बोलत नाही.

यादी वर्षातून एकदा नव्यानं लिहा. कूलर धुवायला काढाल तो मार्चचा रविवार सोयीचा. शाळेची नवी फी तोवर कळलेली असते, विम्याच्या पावत्या फाइलीत असतात, आणि ताट्यांचा भाव त्याच सकाळी विचारून झालेला असतो.